शाळा कोणाची?



गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील आमच्या लहानशा मंडळींत संध्याकाळची उपासना आटोपल्यावर एक बंधु मागें राहिला. मजुरीवर पोट भरणारा, चौथीपर्यंत शिकलेला, मोजकेंच बोलणारा मनुष्य. तो म्हणाला, "पाळकसाहेब, एक विचारूं का? सरकारी शाळेच्या कमिटीवर माझें नांव घातलें आहे. सभा झालेली मला ठाऊक नाहीं. शाळेंतला पोरगा वही घेऊन घरीं येतो, मी सही करितों. परवां धाकट्या मुलीनें ती वही वाचून दाखविली. तींत लिहिलें होतें कीं, मुलींचा संडास दुरुस्त झाला आणि सभासदांनीं तो पाहून खात्री केली. त्या संडासाला तर दिवाळीपासून कुलूप आहे. माझी थोरली त्याच पायीं सातवींत असतां घरीं बसली. पैसा सरकारचा, शाळा सरकारची, लिहिणारे मोठे गुरुजी. पण सही माझी. ह्यांत मला पाप लागतें काय?"

जवळ बसलेले दोघेतिघे हंसले. "अरे, गांवांत सगळेच अशी सही करितात," असें एकजण म्हणाला. परंतु विचारणारा हंसला नाहीं, आणि मीही त्याला तेथल्या तेथें उत्तर देऊं शकलों नाहीं. माझ्या डोळ्यांपुढें माझ्याच हातचा एक कागद उभा राहिला. कांहीं वर्षांपूर्वीं एका वसतिगृहाची देखरेख मजकडे असतां महिनाअखेरीस मुलांच्या हजेरीच्या तक्त्यावर मी न मोजतां सही करीत असें. त्यामुळें कोणी मूल उपाशी राहिलें असें नाहीं. परंतु एखादें राहिलें असतें तर त्या कागदावरून तें कोणासही कळलें नसतें. म्हणून ह्या बंधूचा प्रश्न मी बरोबर घेऊन घरीं आलों, आणि आज तो आपणांपुढें मांडीत आहें.

प्रश्नाचें मूळ हें कीं, सरकारी शाळा कोणाची? आपल्या बोलण्यांत 'सरकारी' ह्या शब्दाला दोन अर्थ जडले आहेत. काम करण्याची वेळ आली म्हणजे सरकारी तें परक्याचें, आणि उचलून नेण्याची वेळ आली म्हणजे सरकारी तें कोणाचेंच नव्हे. शाळेची भिंत पडली तर 'सरकार बांधील', आणि शाळेच्या आवारांतलें लाकूड गेलें तर 'सरकारचें होतें.' हे दोन्ही अर्थ खोटे आहेत. सरकारच्या खजिन्यांत पैसा आकाशांतून पडत नाहीं. साबणाची वडी व चहाची पुडी विकत घेणारी विधवादेखील त्या खरेदींत आपला कर भरीत असते. त्या पैशांतून शिक्षकांचें वेतन निघतें, त्यांतूनच फळा येतो, त्यांतूनच दुपारची खिचडी शिजते. म्हणून सरकारी शाळा ही सर्वांनीं मिळून लेंकरांकरितां ठेविलेली ठेव आहे. मंत्र्यापासून समितीच्या सभासदापर्यंत ज्याच्या ज्याच्या हातीं ती आली, तो तिचा मालक नसून कारभारी आहे. आणि कारभाऱ्याला हिशेब चुकत नाहीं, हें तर आपण शुभवर्तमानांतील दाखल्यांवरून पुष्कळ वेळां ऐकिलें आहे.

हा कारभार कसा चालतो हें समजून घेतल्यावांचून आपलें कर्तव्य कळणार नाहीं. निर्गमाच्या अठराव्या अध्यायांत मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसला असतां त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणतो कीं, हें काम तुला एकट्याला झेपणार नाहीं. तर देवाला भिणारीं व लांच न घेणारीं माणसें निवडून हजार लोकांपासून दहा लोकांपर्यंत निरनिराळ्या समुदायांवर त्यांना नेम. राज्यकारभाराची हीच रीत आपल्या महाराष्ट्र राज्याच्या शाळांस लागू आहे. सर्वांत वर शालेय शिक्षणाचें खातें व त्याचा मंत्री, पुण्यास शिक्षण आयुक्त व त्यांच्या हाताखालीं संचालक, विभागास उपसंचालक. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हांपासून खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आहेत. तेथें शिक्षणाधिकारी असतो. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, सुमारें दहाबारा शाळांवर केंद्रप्रमुख, प्रत्येक शाळेला मुख्याध्यापक. आणि अगदीं शेवटीं, जेथें मूल प्रत्यक्ष बसतें तेथें, शाळा व्यवस्थापन समिति.

ही समिति मेहेरबानीनें मिळालेली नाहीं. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठीं तो आहे. त्या कायद्याप्रमाणें सरकारी शाळेच्या समितीचे निदान तीनचतुर्थांश सभासद आईबाप किंवा पालक असले पाहिजेत. निम्म्या जागा स्त्रियांच्या. आणि दुर्बल व वंचित वर्गांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणांत जागा. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, शाळेच्या विकासाचा आराखडा करणें, आणि आलेला पैसा कसा खर्च झाला तें पाहणें, हीं समितीचीं कामें आहेत. पिण्याचें पाणी आणि मुलगे व मुली ह्यांकरितां वेगवेगळे संडास हें शाळेचें भूषण नसून कायद्यानें ठरविलेली गरज आहे. मुलास मारणें व मानसिक त्रास देणें ह्यांस त्यांत मनाई आहे. म्हणजे वर मंत्री बसला काय आणि खालीं आमचा मजूर बंधु बसला काय, दोघेही एकाच जिन्याच्या पायऱ्यांवर आहेत. फरक एवढाच कीं, मंत्र्याला तें कुलूप दिसत नाहीं. ह्या बंधूला तें रोज दिसतें. जो दहांवर नेमिलेला आहे त्याचा अधिकार लहान, परंतु त्याची दृष्टि जवळची. आणि ज्याची दृष्टि जवळची त्याची जबाबदारी लहान नव्हे.

परंतु कोणी म्हणेल, कायदा आहे, अधिकारी आहेत, मग अन्याय राहतो कसा? ह्याचें उत्तर आपल्याच जुन्या मुंबई इलाख्याच्या इतिहासांत आहे. १८५६ सालीं धारवाडास, जें आज कर्नाटकांत आहे, एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. शाळा सर्वांच्या पैशांतून चाललेली. मुलाची मागणी शिकण्याची. ह्याहून साधी गोष्ट ती कोणती? तरी अर्ज नाकारण्यांत आला. मुंबई सरकारनें आपल्या निर्णयांत असें कबूल केलें कीं, तत्त्वतः पाहतां न्याय त्या मुलाच्याच बाजूस आहे. परंतु एका मुलासाठीं युगानुयुगांच्या समजुतीस एकदम धक्का दिला तर बाकीचीं मुलें शाळा सोडतील आणि शिक्षणाचें नुकसान होईल. पुढें हिंदुस्थान सरकारनें ह्या निर्णयाविषयीं आपली असंमति दर्शविली, आणि १८५८ सालीं विलायतेंतील कंपनीच्या डायरेक्टरांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत असें ठरविलें.

बंधूंनो, ह्या गोष्टींतील मर्म नीट पाहा. त्या अधिकाऱ्यांना न्याय कोणता तें कळत नव्हतें असें नाहीं. त्यांना तो स्पष्ट दिसत होता व त्यांनीं तो लिहूनही ठेविला. पण न्याय एकट्या मुलाच्या बाजूस होता आणि सोय पुष्कळांच्या बाजूस होती. त्यांनीं सोय निवडली. जगांतील पुष्कळसा अन्याय दुष्ट मनुष्यांच्या हातून होत नसून सोय पाहणाऱ्या भल्या मनुष्यांच्या हातून होतो. आणि निर्णय फिरला म्हणून दार उघडलें असेंही झालें नाहीं. वरचा हुकूम कागदावर राहिला आणि गांवोगांवचीं अस्पृश्यांचीं मुलें त्यापुढें कित्येक वर्षें ओटीवर, ओसरींत किंवा वेगळ्या शाळेंत बसत राहिलीं. हुकूम वरून येतो. दार मात्र खालूनच उघडावें लागतें.

जोतीराव फुले ह्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत हाच हिशेब मागितला. खजिना भरतो शेतकऱ्यांच्या कष्टांनीं, आणि शिक्षणाचा पैसा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हें कसें, असा त्यांचा प्रश्न होता. आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी त्यांची मागणी होती. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडिलें. १९१२ सालीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं नापास झालें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेंत घेण्याचा हुकूम काढिला. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणासाठीं दहा वर्षांची मुदत घातली. तें शिक्षण मूलभूत हक्क ठरावयास बावन्न वर्षें लागून २००२ साल उजाडलें. एवढा लांबचा प्रवास करून तो हक्क आपल्या गांवच्या शाळेच्या दाराशीं आला, आणि तेथें एका कुलपानें व एका सहीनें अडला. धारवाडास मोठ्या सरकारनें जें केलें तेंच त्या वहींत लहान प्रमाणांत झालें. मुलगी घरीं बसली हें सर्वांस ठाऊक. पण वही पुरी होणें सर्वांच्या सोयीचें.

आतां ह्यावर आपल्या मंडळ्यांत जे आक्षेप निघतात त्यांचा विचार करूं.

पहिला आक्षेप असा: जेथें प्रभूचें नांव शिकवीत नाहींत त्या शाळेशीं आपणांस काय करावयाचें? हें खरें कीं, जी शाळा सर्वस्वी सरकारी पैशावर चालते तींत धर्मशिक्षण देतां येत नाहीं. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमांत तसें सांगितलें आहे. पण हें आपणांस दुःखाचें वाटूं नये. सर्वांच्या पैशानें चालणाऱ्या घरांत एकाचाच धर्म शिकविला तर प्रथम तोटा कोणाचा होईल? जे थोडे त्यांचा, म्हणजे आपलाच. १८५४ सालच्या ज्या खलित्यानें खाजगी शाळांना सरकारी मदत देण्याची पद्धति सुरू झाली आणि जिचा लाभ मिशनच्या शाळांनीं घेतला, त्यांतही सरकारी शाळांचें शिक्षण धर्मनिरपेक्षच ठेविलें होतें. पवित्र शास्त्र ग्रंथालयांत असावें, ज्याला वाचावयाचें त्यानें वाचावें, एवढेंच. लेंकरांस प्रभूची ओळख करून देणें हें आईबापांचें, मंडळीचें व शब्बाथ शाळेचें काम आहे. तें आपण गुरुजींवर टाकूं नये. आणि यिर्मयानें बाबेलांत बंदिवान असलेल्या लोकांना त्या परक्या नगराचेंही हित पाहावयास सांगितलें, मग ज्या गांवांत आपला जन्म झाला त्याच्या शाळेचें हित पाहणें आपणांस परकें कसें?

दुसरा आक्षेप: आम्ही दोन घरें, गरीब. मोठ्या गुरुजींस कोण विचारील? वैर येईल, उद्यां मुलाचा दाखला अडेल. ही भीति खोटी नाहीं, आणि शहरांत राहून तिला हंसणें सोपें आहे. परंतु कायद्यानें पालकांना समितींत बसविलें तें एकट्यानें लढावें म्हणून नव्हे. शेजारच्या वस्तींतील आईलाही तें कुलूप दिसतें, पाटलाच्या सुनेलाही दिसतें. तिचीही मुलगी त्याच शाळेंत असेल. ख्रिस्ती मनुष्यानें समितींत ख्रिस्ती लोकांचा वकील होऊन बसावयाचें नाहीं. त्यानें प्रथम दुसऱ्याच्या मुलासाठीं बोलावें. जो स्वतःच्या मुलाकरितांच तोंड उघडतो त्याचें कोणी ऐकत नाहीं, आणि ऐकावें असेंही नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे: गुरुजी भले आहेत, भीड कशी मोडावी? मी गुरुजींच्या विरुद्ध लिहीत नाहीं. पुष्कळ खेड्यांत दोनच शिक्षक चार इयत्ता सांभाळितात, आणि शिकविण्याच्या जोडीस तक्ते, अहवाल व निवडणुकीचें काम करितात. वरून अमुक तारखेपर्यंत 'काम झालें' असें कळवा म्हणून तगादा येतो, आणि पैसा त्या तारखेनंतर येतो. अशा वेळीं हात खोटें लिहूं लागतो. परंतु खोट्या वहीवर सही करून आपण गुरुजींस मदत करितों असें समजूं नये. त्या सहीनें वरच्यांस कळतें कीं सर्व ठीक आहे, मग पैसा येण्याचें कारणच उरत नाहीं. आणि खोटें उघडें पडलें तर गुरुजीच प्रथम बुडतात. खरी सही ही गुरुजींचीही ढाल आहे.

मग करावें काय? आपल्या प्रभूनें अपराध करणाऱ्या बंधूविषयीं मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत जी रीत घालून दिली तीच येथें पुरे. प्रथम एकट्यानें जाऊन एकांतांत बोलावें. चावडीवर नव्हे, चहाच्या दुकानांत नव्हे. ऐकलें नाहीं तर दोघांतिघां सभासदांस बरोबर घ्यावें. तरीही नाहीं तर समितीच्या सभेंत मांडून वहींत लिहवून घ्यावें, आणि मग केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी ह्यांस लेखी कळवावें. पायरी सोडून उडी मारणारा पुष्कळदां न्याय शोधीत नसून सूड शोधीत असतो.

ह्याशिवाय कांहीं लहान गोष्टी. वाचल्यावांचून सही करूं नये; वाचतां येत नसेल तर वाचून घ्यावें. उपदेशक बंधूंनो, हें तुमचें काम आहे. जो भाऊ तुम्हांकडून पवित्र शास्त्र वाचून घेतो त्याला सभेची वहीही वाचून दाखवा, त्यांत तुमच्या सेवेचा कमीपणा नाहीं. ज्या बहिणी समितीवर आहेत त्यांनीं स्वतः जावें. पतीनें पत्नीच्या खुर्चीवर बसून तिची सही करणें हेंही खोटेंच. महिन्यांतून एकदां पटावरील मुलें व वर्गांतील मुलें मोजून पाहावीं. जें मूल दिसत नाहीं त्याच्या घरीं जावें. समितींत आहों म्हणून शाळेकडून स्वतःसाठीं कांहीं मागूं नये. आणि आपल्या मिशनच्या ज्या शाळा व वसतिगृहें आहेत त्यांनाही हेंच माप लावावें. अल्पसंख्याकांच्या शाळांस वरील कायदा लागू नाहीं असा निकाल २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला. कायद्यानें आपणांस मोकळें केलें असेल, पण कारभारीपणांतून मोकळें केलेलें नाहीं. जें सरकार आपणांस विचारीत नाहीं तें प्रभु विचारील.

एकदां लोक आपल्या बाळकांस येशूकडे आणीत होते आणि शिष्य त्यांना अडवीत होते. शिष्य कांहीं दुष्ट नव्हते. गुरूला त्रास होऊं नये, गर्दी होऊं नये, काम नीट चालावें, एवढाच त्यांचा हेतु. तेही सोयच पाहत होते. परंतु शुभवर्तमान सांगतें कीं, येशूला तें पाहून राग आला. स्वतःला क्रुसावर देणाऱ्यांचा त्यानें राग धरिला नाहीं, पण लेंकरांच्या वाटेंत उभ्या राहिलेल्या आपल्याच माणसांवर तो रागावला. शाळेच्या दारांत उभे असलेल्या आम्हां सर्वांनीं, मग कोणी साहेब असो कीं सभासद, हें मनांत धरावें.

म्हणून त्या बंधूस मीं पुढच्या भेटींत असें सांगितलें: "होय भाऊ, ज्या दिवशीं तुम्हांला ठाऊक नव्हतें त्या दिवशींची ती चूक होती, आतां तुम्हांला ठाऊक झालें आहे. आतां केली तर तें पाप होईल. आणि हें मी तुम्हांला एकट्याला सांगत नाहीं, स्वतःलाही सांगत आहें." तो एका संध्याकाळीं एकटाच मोठ्या गुरुजींच्या घरीं गेला. गुरुजी प्रथम चिडले. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले कीं, मंजुरी आली, पैसा आला नाहीं, आणि तालुक्यास मात्र अहवाल पाहिजे होता. पुढच्या सभेस नऊ माणसें आलीं. जुन्या नोंदीखालीं खरी हकीगत लिहिली गेली, तिजवर गुरुजींनींही सही केली, आणि तो कागद तालुक्यास गेला. दिवाळीनंतर कुलूप निघालें. त्याची थोरली मुलगी पुन्हा शाळेंत जाऊं लागली. तिचें वर्ष मात्र गेलें तें गेलें. आमच्यापैकीं कोणाच्याही सहीनें तें परत येत नाहीं.

प्रभु आपणां सर्वांस थोडक्याविषयीं विश्वासू राहण्याचें बळ देवो, आणि ज्या लेंकराला बोलतां येत नाहीं त्याच्यासाठीं बोलण्यास आपलें तोंड उघडो. आमेन.